दारावरची जाळी

१२ एप्रिल, शनिवार
गाडीच्या ड्रायव्हरबाजूच्या दारावर ओरखडे. सावलीत दिसत नाहीत, ऊन पडलं की कोळ्याच्या जाळीसारखे चमकतात. गडद निळी गाडी, माझ्या नावावरची पहिली. शेजारचे जर्मन गृहस्थ लेख्नर पार्किंगवरून कुरकुरतच असतात. तेच असणार.

१३ एप्रिल
नाही. जाता-येता त्यांची पिशवी घासली असती तर रेघ सरळ उठली असती. हे गोल-गोल आहेत. कुणीतरी घासतंय!

१४ एप्रिल
ऑफिसातून येताना गार्चिंगला गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, एवढ्यासाठी खरखरीत पॉलिश नको. रंगाचा थर एकदा गेला की परत येत नाही. सगळ्यात सौम्य घ्या, मऊ फोमने हाताने लावा, आधी तळहाताएवढ्या जागी. दोन बाटल्या आणल्या. एकीवर लिहिलंय, ‘एका हातात चकाचक’. अशा आश्वासनांवर माझा विश्वास नाही.

१५ एप्रिल
संशय खरा ठरला. चकाचकवालीने ओरखडे गेले. मग स्पिरिटने पुसलं, तर सगळे परत हजर! नुसतं वरून बुजवते, काढत काहीच नाही. दुसरी, बारीक पॉलिशची, हळू काम करते पण खरं करते. तीच.

१६ एप्रिल
संध्याकाळी दीड तास खपून अख्खं दार केलं. आरसा झालाय. बाबा, म्हणजे सासरे, गॅलरीतून बघत होते. तीन आठवडे झाले त्यांना मिरजेहून येऊन. आले त्याच दिवशी म्हणाले होते, “गाडी सुनेच्या नावावर?” बाकी काही नाही, एवढंच.

१७ एप्रिल, गुरुवार
परत ओरखडे. एका दिवसात, त्याच दारावर.

जेवताना विषय काढला. सिद्धांत म्हणाला, बर्चच्या झाडांचे पराग पडतायत, त्याचंच असेल. इंजिनियर बायकोला हे सांगतो! बाबांना विचारलं. ताटातून मान वर न करता म्हणाले, “मी कशाला हात लावू तुझ्या गाडीला?” लावलाय, असं कुणी म्हटलं होतं?

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
सुट्टी. सकाळी खिडकीशी बसून राहिले. सव्वानऊला बाबा खाली गेले. कोरडा टॉवेल घेऊन परागांच्या पिवळ्या धुळीवरूनच दार गोल-गोल पुसलं, वर आले. चाळीस वर्षं एसटीच्या डेपोत काढलेला माणूस! कोरड्या धुळीवर फडकं फिरवू नये, हे सिद्धांतला लहानपणी त्यांनीच शिकवलेलं. म्हणजे मुद्दाम. माझं डोकं फिरलं. सिद्धांत फिरून आला की त्याच्यासमोरच बोलायचं, असं ठरवलं.

दहाला ते परत निघाले, तोच टॉवेल घेऊन. मी मागोमाग जिने उतरले.

“बाबा, आत्ताच पुसलीत ना?”

त्यांनी वळून पाहिलं. चेहऱ्यावर चोरी नव्हती, लपवाछपवी नव्हती. “छे गं. कालपासून कुणी हात लावला नाही, बघ किती धूळ,” म्हणाले. दारावर त्यांच्याच हाताचे ताजे गोल फराटे होते. “साहेबांची गाडी आहे. डेपोत नाव खराब होईल आपलं.”

मी त्यांच्या हातातून टॉवेल काढून घेतला. म्हटलं, झाली स्वच्छ, चहा घेऊ. ते लगेच आले माझ्याबरोबर. दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या दाराशी थांबले आणि खिशात किल्ली शोधू लागले.

दिवसभर सिद्धांतला सांगायला धीर झाला नाही. वडील आहेत त्याचे.

१९ एप्रिल
सिद्धांतला सांगितलं. दचकला नाही. म्हणाला, “डिसेंबरातच कळलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून तर इकडे आणलं. तुला आधी सांगितलं असतं, तर येऊ दिलं असतंस?”

मला हो म्हणता आलं नाही.