सातच्या घंटेचे बास्केट

गिरीज,
बुधवार

आदरणीय एल्रॉय भावोजी,

निकोलसचा जय येशू. गुडघा कसा आहे? माझा डावा गेला, तुमचा उजवा. दोघांत मिळून एक माणूस अजून खेळू शकेल. मार्गारेट बरी आहे. मर्सीने पाठवलेली केळी पोहोचली. (आमच्याही वाडीत केळीच आहेत, हे माझी बहीण लग्नानंतर विसरली.) फोनच केला असता, पण तुमचा फोन मर्सी उचलते आणि स्पीकरवर टाकते.

रविवारी देवळातल्या दुसऱ्या मिस्सानंतर आमच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवणार आहेत. विषय तुम्हांला ठाऊक आहे. सन दोन हजारची बास्केटबॉलची फायनल, तुमचे नंदाखाल आमच्यापेक्षा एका गुणाने पुढे, अर्धा मिनिट बाकी, चेंडू तुमच्याकडे. आणि देवळाची सातची घंटा झाली. तेव्हा घंटा झाली की माणूस असेल तिथे प्रार्थनेला थांबे. पंच शिट्टी सोडून क्रूसाची खूण करू लागले. घड्याळवाल्यानेही डोळे मिटले, घड्याळ चालूच राहिले. तुम्ही चेंडू डाव्या काखेत धरला, कारण उजवा हात खुणेला लागतो. तीन नमो मरिया संपल्या, लोकांनी डोळे उघडले, तर वेळ संपलेली आणि चेंडू तुमच्या जाळीखाली उड्या मारत होता. पंचांनी आम्हांला बास्केट दिले. दिले नसते तर आपण पाहिले नाही असे त्यांना सांगावे लागले असते. चोवीस वर्षे गाव त्याला चमत्कार म्हणते.

सिनेमात मी दारुडा आहे आणि त्या बास्केटने माझी दारू सुटते. (खरे तर त्याआधी मी थेंबही घेत नव्हतो. त्यानंतर जो भेटेल तो पाजू लागला. सुटायला अकरा वर्षे लागली.) दिग्दर्शिका संजना विरारची. हुशार मुलगी. म्हणाली, "अंकल, हात तुमचेच हवेत. खरे हात." मी सदतीस वेळा चेंडू टाकला. सदतीस वेळा चुकलो. लाइटवाला वडापाव खाता खाता म्हणाला, "काका, तेव्हा नक्की तुम्हीच टाकला होता ना?" मी अडतिसाव्यांदा चेंडू उचलला. तेवढ्यात खरीच सातची घंटा झाली. कोणी थांबले नाही. मी थांबलो. चेंडू हातातून सुटला आणि डोळ्यांतून पाणी आले. संजना ओरडली, "कॅमेरा बंद करू नका!"

तोच आता शेवट आहे. माझे रडणे पडद्यावर भिंतीएवढे दिसते. शेजारची उर्सुला मावशी आत्तापासून माझा हात डोळ्यांना लावते. त्याच हाताने मी तुमच्या काखेतून चेंडू काढला होता.

शनिवारी पापनिवेदनाला गेलो. फादर म्हणाले, "ज्याचे घेतलेस त्याच्याकडे जा." सिनेमा संपल्यावर मला दोन शब्द बोलायचे आहेत. चार दिवस जेवण जात नाही.

मर्सीला आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
निकोलस

ता. क. खरे सांगायचे मी ठरवले आहे. पण मार्गारेटला सांगून पाहिले, तर ती म्हणाली, "किती नम्र झालात हो!" गावही तेच म्हणेल आणि मी आणखी पवित्र होईन. म्हणून साक्षीदार हवा. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. फक्त तुमचे नव्हते, हे मला माहीत आहे. इतकी वर्षे तुम्ही तक्रार का केली नाही, तेही कळते. प्रार्थनेत डोळे उघडे होते असे देवळात सांगणार कसे? रविवारी उभे राहा आणि तेवढे सांगा.

ता. क. दुसरा. कुणीकडे पाहत होता, ते सांगायची गरज नाही. आमच्या बाकाशेजारी मर्सी ओढणी घेऊन उभी होती. चेंडू गेल्याचे तुम्हांला जाळी वाजल्यावरच कळले. मी तेव्हाही घरी काही बोललो नाही, हे ध्यानात असू द्या.

ता. क. तिसरा. त्या फायनलचा कप आमच्या स्वयंपाकघरात आहे, मार्गारेट त्यात पळ्या ठेवते. घासून ठेवतो. येताना मोठी पिशवी आणा.