बुडबुडा मधोमध

३ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘आवाज येत नाही’ म्हणून ठेवून देता, म्हणून लिहिते. मागच्या अंगणात पुन्हा पाणी साठलंय आणि तुम्ही त्या शेवाळावरूनच दोरीवर कपडे टाकायला जाता, असं शेजारच्या काकूंकडून कळलं. गेल्या वर्षी तिथेच घसरून मनगट मोडलं होतं, ते विसरलात वाटतं.

इथे खिडकीची खोली तुमच्यासाठी रिकामी करून ठेवली आहे. पालथ्या घड्यावर पाणी, हे ठाऊक आहे. पण पाऊस लागला की दुकानात माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. एखाद्या दिवशी गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी भलतंच काही देईन.

लोभ आहेच, त्यात थोडं ऐकणं मिसळा.
तुमची ठमी

९ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

उंटावरून शेळ्या हाकणं पुरे. जन्मभर सुतारकी केलेल्या माणसाला एक चर खणता येणार नाही? मागच्या भिंतीपासून कुंपणापलीकडच्या गटारापर्यंत चर खणला आहे. तळाशी खडी, तिच्यावर भोकांचा पाइप, वर पुन्हा खडी आणि गाळ आत जाऊ नये म्हणून कापड. दर फुटावर लेव्हल, म्हणजे माझी ती बुडबुड्याची पट्टी, ठेवून पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बुडबुडा मधोमध, केसभर इकडेतिकडे नाही. तुझी आई असती तर पाइपवर भरलेला कप ठेवून दाखवला असता.

आता पैज. पुढच्या मोठ्या पावसानंतर अंगणात पाणी दिसलं, तर घराला कुलूप लावून कायमचा तुझ्याकडे येईन, कुरकुर न करता. नाही दिसलं, तर हा विषय तू काढायचा नाही.

तुझ्यावरची माया चराहून खोल आहे, हे वेगळं सांगत नाही.
तुझे बाबा

१४ ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसले. बाबा, पाइप म्हणजे टेबल नव्हे. त्याला उतार हवा. माझ्या न्हाणीघराची फरशी गवंड्याने अशीच सपाट बसवली आहे, तेव्हापासून रोज पाणी मी ढकलते तेव्हा जातं. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचा पाइपही नाकासमोरच बसणार, दुसरं काय.

खरं सांगते, हे पत्र लगेच लिहिलं नाही. लिहिलंच नसतं तर पैज मीच जिंकले असते. मला तुम्ही इथे हवे आहात, फार हवे आहात. पण मान खाली घालून माझ्या दारात उभे राहिलेले बाबा मला बघवणार नाहीत. तेव्हा चर पुन्हा उघडा. बुडबुडा घराच्या बाजूला सरकला पाहिजे, म्हणजे पाणी गटाराकडे जाईल. आणि वाकताना कंबर सांभाळा.

रागावलात तरी चालेल, लिहिणं थांबवू नका.
तुमची ठमी

२६ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तासभर तुझ्यावर चिडलो आणि मग फावडं घेतलं. सगळी खडी पुन्हा उपसली. पण बुडबुडा एका कडेला गेलेला काही केल्या डोळ्यांना सोसेना. शेवटी लेव्हलच्या गटाराकडच्या टोकाखाली लाकडाची पाचर बांधली. आता पाइपला उतारही आहे आणि बुडबुडाही मधोमध. हस हवी तेवढी, खोड ती खोड.

परवा धो धो कोसळला. सकाळी मागचं दार उघडायचा धीर होत नव्हता. उघडलं, तर माती ओली, पण पाणी कुठेच नाही. पाइपच्या तोंडातून गटारात धार पडत होती. शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवली. ‘हे काय सकाळी सकाळी,’ म्हणाल्या त्या.

तर पैज मी जिंकलो आणि जिंकवलंस तू. गप्प बसली असतीस तर मी आलो असतो, पण पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसलो असतो. आता ऐक. रविवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. लेव्हल आणि पाचर पिशवीत टाकली आहे, तुझ्या न्हाणीघराची फरशी काढावी लागेल. पाऊस सरेपर्यंत राहीन, मग माझं घर मला बोलावेल तेव्हा निघेन. खिडकीची खोली कुणाला देऊ नकोस. मला तुझ्याकडे यायचंच होतं ग, फक्त हरून यायचं नव्हतं.

बाकी भेटीत. तोवर फरशीवर जपून चाल.
तुझे बाबा