पाच लोटे पाणी आणि मामांचे बूट

आमगाव,
श्रावणी सोमवार

ज्यांचे पाय धरावेत आणि ज्यांचे बूट घालावेत अशा माझ्या बकाराम मामांना भाचा योगराजचा साष्टांग नमस्कार. (लांबूनच, का ते पुढे वाचून कळेल.) मामींचा गुडघा आता कसा आहे? काळी गाय व्याली का? इकडे धानाची रोवणी आटोपली, आईचा खोकला गेला, बाकी सगळे खुशाल. फोन का केला नाही, असे तुम्ही विचाराल. एक तर तुमच्या जंगलातल्या गावात रेंज नाही, आणि असली तरी फोनवर तुम्ही आधी रागावता आणि मग ऐकता. पत्र कसे निमूट शेवटपर्यंत वाचावे लागते. शिवाय मी पडलो डाकसेवक. मीच पत्र लिहिले नाही तर गावाने तरी कशाला लिहावे?

वनरक्षक म्हणून बावीस वर्षे ज्या चामडी बुटांत तुम्ही जंगल पालथे घातले, ते मला डाक वाटायला दिलेत, तेव्हाच्या सगळ्या सूचना मी वहीत लिहून घेतल्या होत्या. चिखल ओल्या फडक्याने पुसायचा, बूट सावलीत वाळवायचे, चुलीजवळ न्यायचे नाहीत. मग मधाचे मेण जवसाच्या तेलात पातळ करून बोटांनी चोळायचे, शिवणीवर जरा जास्त, आणि शेवटचा हात बूट पायात घालून फिरवायचा, म्हणजे घड्यांत मुरते. मामा, तोंडावर स्तुती करायची आपल्याकडे पद्धत नाही, पण आषाढभर मी बांधावरून, नाल्यातून, गुडघाभर गाळातून डाक वाटली आणि मोजे कोरडे! कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानावरून थेंब घरंगळावा तसे पाणी घरंगळायचे. मी बांधावर उभा राहून नुसता खाली बघत राहायचो. (या बघण्यापायी मुन्नालाल शेठची रजिस्ट्री एक दिवस उशिरा पोचली, पण ते राहू द्या.) माणूस मेहनतीने काय करू शकतो, हे मला त्या बुटांनी शिकवले.

पण माणसाचे बरे चालले की त्याला अक्कल सुचते. काल रविवारी कामठ्याला मुलगी पाहायला जायचे होते आणि नेमके मेण संपले. डोक्यात आले, डाकेच्या थैलीला लाखेचे सील मारले की तिच्यात मुंगी शिरत नाही, मग बुटाला काय धाड भरली? आठवडी बाजारातून पावभर लाख आणली होती, ती जुन्या कढईत वितळवली (कढई आईची, त्यावर वेगळे पत्र होईल) आणि तुमची शेवटची सूचना तंतोतंत पाळली. म्हणजे बूट पायात घातले, लेस घट्ट बांधल्या, आणि मग लाख फासली. शिवणीवर, बुटाच्या जिभेवर, लेसवर, गाठीवर, कुठे म्हणून जागा सोडली नाही. दोन जोड मोजे होते म्हणून पाय शाबूत राहिले. दहा मिनिटांत बूट असे झळकले की आई कढई विसरून बघत राहिली. तेवढ्यात थोरले काका, आपले मोठेबाबा ईश्वरदास, मोटरसायकल घेऊन दारात हजर. बूट काढून मोजे बदलावेत म्हणून गाठ ओढली, तर ती गाठ नव्हती, दगड होता.

कामठ्याच्या त्या घरात पाहुण्याने पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि पाणी आजी धुरपताबाई स्वतः घालतात. होकार-नकारही त्यांच्याच हातात. मी म्हणालो, राहू द्या. आजी म्हणाल्या, "राहू द्या कायले? बूट काऊन नाही काढून राहिले जी?" आता त्यांना काय सांगणार? मी म्हणालो, आमच्यात बुटावरूनच धुतात. (मोठेबाबांनी आभाळाकडे पाहिले.) आजींनी लोटा ओतला. पाणी आले तसे गेले. दुसरा ओतला, तोही गेला. तिसऱ्याला शेजारपाजारचे गोळा झाले. चौथ्याला कुणीतरी म्हणाले, "पानी ठयरतच नाही ना बापा!" पाचव्या लोट्यानंतर आजींनी वाकून बुटाला बोट लावले आणि बोट कोरडे निघाले. मामा, माझी अब्रू चालली होती, पण खोटे कशाला बोलू, छाती फुगली. मात्र घोट्याच्या काठावरून बरेच पाणी आत शिरले होते आणि आत शिरलेले पाणी बाहेर येईना. पाऊल उचलले की पचक, ठेवले की पचक.

मग रेणू बाहेर आली. मुलगी चहा घेऊन येते, ही गरम रेतीची पोटली घेऊन आली. त्यांच्याकडे कुसुमाच्या झाडांवर लाखेचे पीक घेतात, त्यामुळे लाख म्हणजे हिला घरची गोष्ट. मोठेबाबांनी पाठ करून आणलेले प्रश्न पोटातच राहिले, कारण ती सरळ खाली बसली आणि बूट शेकू लागली. शेकायचे, बोट लावून पाहायचे, लाख मऊ झाली की नखाने उचलायची. कच्च्या अंड्याचे कवच सोलावे इतक्या हळू. अर्ध्या तासात सगळी लाख निघाली, अगदी गाठीचीसुद्धा, आणि चामड्यावर एक ओरखडा नाही. बूट उलटा केला तर लोटाभर पाणी निघाले. ते फडक्याने टिपून ती म्हणाली, "सावलीत ठेवतो जी. चुलीपाशी चामडं तडकते." मामा, तुमचे वाक्य! मला ती फार आवडली, हे तुम्हाला मोठे समजून लिहितो. मग आजींनी सहावा लोटा माझ्या उघड्या पायांवर घातला आणि आम्ही पोहे खाल्ले.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, गायीला पाठीवर थाप.

तुमच्या पायाखाली वाढलेला,
योगराज

ता. क. आजींनी पोहे वाढता वाढता विचारले, "लाख लावाची अक्कल कोनाची?" मी घाबरून तुमचे नाव सांगितले. त्या म्हणाल्या, "येऊ दे तुह्या मामाले. त्यालेच विचाराचं हाय मले." होकाराचे काय ते तेव्हाच सांगणार आहेत. तेव्हा येत्या रविवारी कामठ्याला यावे आणि लाख मीच लावायला सांगितली, असे म्हणावे. तुमच्या बावीस वर्षांच्या नावाला एका दुपारचा डाग, एवढीच विनंती आहे.

ता. क. दुसरा. बूट तिथेच सावलीत आहेत. मी रेणूच्या बाबांच्या चपला घालून परत आलो. तुम्हीही चपलाच घालून या.

ता. क. तिसरा. निघताना रेणू फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मामानं लावली असती त लेस काढून लावली असती. खोटं बोलून राहिले ना जी?" मी हो म्हणालो. ती हसली. म्हणाली, "आजीले नोका सांगू. मामाले घेऊन या." म्हणजे वरची विनंती आता माझ्या एकट्याची राहिलेली नाही.