शांतवनची वाचा

रविवार, २ फेब्रुवारी

आंघोळ करताना हाताला गाठ लागली. डाव्या छातीत, काखेच्या बाजूला. सुपारीएवढी. दुखत नाही. दुखत नाही हेच वाईट, असं कुठेतरी वाचलंय.

चर्चमध्ये उपासनेला गेले. आजाऱ्यांसाठी प्रार्थना आली. आमच्या मंडळीची रीत अशी, की कोणीतरी बाकावरून उठून आजाऱ्याचं नाव घ्यायचं. मग सगळे उभे राहतात. आजारी तेवढा बसून राहतो. नाव घेतलं की लोक कामाला लागतात — डबे, दवाखान्यात सोबत, बुधवारी घरी प्रार्थना. ऑगस्टपासून माझ्या नवऱ्याचं, शांतवनचं नाव घेतलं जातंय. दर रविवारी त्याच्यासाठी उभी राहते. आजही राहिले. माझं नाव कोणाला सांगितलं नाही.

एका घराने किती मागायचं?

बुधवार, ५ फेब्रुवारी

मंडळी आली. खुर्च्या शेजारून आणल्या. चहा.

"प्रभू, शांतवनभाऊंची वाचा मोकळी कर." अर्धांगाच्या झटक्यात त्याचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. गाणं मात्र राहिलं! गीत सुरू झालं की सबंध कडवं म्हणतो. संपलं की पाणीसुद्धा मागता येत नाही.

मंडळीतली स्नेहल सातपूरहून शिफ्ट संपवून डबा घेऊन आली. "काकू, किती वाळलात हो!"

"थंडी."

थंडीने कोणी वाळतं का!

डब्यात पुन्हा दुधी. सगळ्यांना दुधीच सुचतो. शांतवनला आवडत नाही. खातो.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

गाठ आहे तिथेच आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

मार्थामावशी दुपारी आल्या. निवृत्त नर्स. गुडघे धरून देवळाली कॅम्पहून बसने येतात. शांतवनच्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायला लावतात आणि चालीवर एकेक शब्द गाऊन घेतात. पा-णी. च-हा. येत नाही. "अख्खं गीत गातोस, मग चहा माग की रे बाबा! बरं, बायकोचं नाव घे. लग्नात घेतलं होतंस ना?"

हसला. शब्द नाही.

जाताना मला म्हणाल्या, "तुला काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणणाऱ्या बायकांच्या वॉर्डातच माझी अख्खी नोकरी झाली."

मी डबा धुवायला आत गेले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शांतवनला सांगितलं. त्याची नखं काढताना. कोणाला सांगू शकणार नाही, असा तोच एक! त्याचा हात धरून तिथे लावला. तो बघत राहिला. मग मांडीवर ठेका धरायला लागला. ओठ हलले. म्हटलं, राहू दे, दमशील.

थांबला नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "आज कोणासाठी मागायचं?"

शांतवनचा हात मांडीवर पडायला लागला. एकदा. पुन्हा. "रि-ब-का."

माझं नाव. सहा महिन्यांनी.

हालेलुया! टाळ्या. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी. रविवारी शांतवनने पुढे येऊन देवाने वाचा दिल्याची साक्ष द्यायची, हेही ठरून गेलं. स्नेहलने मला मिठी मारली — त्या बाजूने. शांतवन मान हलवत होता. नाही, नाही. ठेका चालूच. "गा-ठ," तो म्हणाला. टाळ्या थांबेनात.

मार्थामावशी टाळ्या वाजवत नव्हत्या. गुडघे धरून उठल्या, माझ्याजवळ आल्या.

"कुठे?"

शनिवार, १५ फेब्रुवारी

सुई घालून तपासलं. मावशी सोबत होत्या. रिपोर्ट बुधवारी.

रविवार, १६ फेब्रुवारी

साक्षीसाठी शांतवनला पुढे बोलावलं. गेला नाही. बाक धरून जागेवरच उभा राहिला. रि-ब-का. सगळे उठले. सवयीने मीही उठायला गेले. मार्थामावशींनी मागून खांदा दाबला.

"तू बस."