वहिनीने हात पदराखाली घेतले

बारामती, रविवार संध्याकाळ

सणसरहून आत्ताच परतले. भाचीचा साखरपुडा नीट पार पडला, पण मन थाऱ्यावर नाही.

ओटी भरायच्या वेळी वहिनी आपणहून मागे सरकली आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली. दादा गेल्यावर तिने एकटीने पोरीला वाढवलं. आणि कुंकू लावणार चुलती! मी मोठ्या आत्याला म्हटलं, "आत्या, हे चूक आहे."

"तुज्या कालेजात चूक आसंल," ती शांतपणे म्हणाली, "हितं हीच रीत हाय."

परवाच वर्गात मी शिकवलं होतं की बरोबर-चूक ज्या त्या समाजाच्या चौकटीत ठरतं, बाहेरून निवाडा देणारे आपण कोण?

पण खांबाला टेकलेली वहिनी तर त्याच चौकटीतली ना? मग चौकट म्हणजे कोण? फक्त आत्या?

मी कुंकवाचा करंडा घेऊन तिच्याकडे गेले. "वहिनी, तू लाव."

तिने हात पदराखाली घेतले. "लई वाटतंय वो वन्सं. पर माज्या हातानं पोरीचं वाईट झालं तर?"

तसं काही होणार नाही, हे मी तिला कशाच्या आधारे पटवणार होते?

शेवटी चुलतीनेच कुंकू लावलं. वहिनी लांबून बघत हसली, अगदी मनापासून. तिची स्वतःची तक्रार नाही, आत्याची नाही, पोरीचीही नाही.

तरी ते चूक होतं. कशावरून, ते मला सांगता येत नाही. पण चूकच होतं.