बाबांची निम्म्यावर राहिलेली मालिका

ती. आईस,
लांबूनच, पण वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा काय म्हणतोय? शिलाईच्या कारखान्यातून खोलीवर आले की टीव्ही लावते. परवा भुताचा सिनेमा पाहिला. भूत इतकं बडबडत होतं की भीती राहिली बाजूला, मला झोप लागली.

आपलं सिनेमांचं खातं एकच असल्यामुळे घरी काय लागतं ते मला इथे दिसतं. बाबांच्या नावाखाली त्यांची ती पोलिसांची मालिका अजून पुढे सरकतेय. ते गेले तेव्हा ती निम्म्यावर होती. तू तर म्हणालीस, टीव्हीवर चादर टाकून ठेवलीय. शिवाय बंदूक निघाली की तू उठून स्वयंपाकघरात जायचीस.

प्रत्येक भाग अर्ध्यात थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून लागतो. बाबांना बघताबघता डुलकी लागली की व्हायचं, अगदी तसं.

फोनवर विचारायचा धीर होत नाही. तू बघत असशील तर चांगलंच आहे. नसशील तर मला कळवू नकोस. शेवटचा भाग तेवढा राहू दे. मी आले की तिघं मिळून बघू.

तुझी,
लेक