तीन कासवांचं बिऱ्हाड

२ ऑक्टोबर १९७४, गोरेगाव
सकाळपासून पुन्हा ठकठक! काळ्या अन् बुटक्या, दोन्ही बारकी कासवं, थोरल्या कासवाच्या, पाटलाच्या मागं लागून राहिलीत. टकरा देतात, पाय चावतात. अन् पाटील? दोघांच्या दुप्पट धड, तरी पळतो. लाज न्हाई!

पंचफुला औरंगाबादला क्षयाच्या दवाखान्यात जाताना म्हणाली, "तिघायला एकत्र ठेवा. एकटं कोणाला टाकू नका. एकटं लई वाईट असतं." आम्हाला लेकरू झालं न्हाई. बायकोचा सगळा जीव या तिघांत. ती येईपर्यंत तिघं नीट नांदली पाहिजेत, बस्स.

५ ऑक्टोबर
तीन फुटके माठ आडवे मांडले — ज्याचं त्याला घर. शेपूही तीन जागी टाकली. काळ्या आपलं घर सोडून पाटलाच्या माठात घुसला. हलकट!

९ ऑक्टोबर
पंचफुलाला पत्र टाकलं. दोघं पाटलाला मारतात, काय करू, विचारलं. भाकरी करपली. चुलीपुढं बसून रडलो — या वयात!

१४ ऑक्टोबर
मधे विटांची आड घातली. पाटील दिवसभर विटेला तोंड लावून उभा. तिचं बोलणं आठवलं. विटा काढून टाकल्या.

१८ ऑक्टोबर
पाटलाच्या पायातून रक्त. शेजारच्या जनकाबाई म्हणाल्या, "कंपौंडर, मुक्या जिवाचे हाल काहून करता? विहिरीत सोडा की. कासव पाण्याचंच. पाणीबी साफ राहतं." बराबर! माझ्या गावी, साखऱ्याला, आमच्या विहिरीत होतंच एक, लहानपणी वाकून बघायचो. बादलीत बसवून हळूच उतरवलं. म्हटलं, सुटला बिचारा.

१९ ऑक्टोबर
पाटील मेला.

२० ऑक्टोबर
काल पुढं लिहवलं न्हाई. पाण्यावर उलटा तरंगत होता. वसराम आला — पोळ्याला त्यानंच तांड्यावरून पाटलाला आणून दिलं होतं. पाय हातात धरून दाखवले. "हे माळावरचं, साहेब. विहिरीतल्याच्या बोटांत पडदा राहतो. याला पवता येत न्हाई. तुमी तर ढोरांच्या दवाखान्यातले!"

व्हय. बारा वर्षं गावची ढोरं बघून राहिलो, अन् घरातलं जनावर मारलं. तो खाली धडपडत होता तेव्हा मी इकडं जेवत होतो. परसात पुरलं. वसरामनंच खड्डा खणला, माझ्यानं कुदळ उचलंना.

२१ ऑक्टोबर
पंचफुलाला लिहिलं, तिघं मजेत आहेत. लग्नाला सोळा वर्षं झाली, तिच्याशी असं खोटं कधी बोललो नव्हतो. तिला खोकल्याची उबळ आली तर? म्हणून लिहिलं. न्हाई — माझी हिंमत झाली न्हाई म्हणून लिहिलं.

२३ ऑक्टोबर
तिचं पत्र आलं, नर्सबाईच्या अक्षरात. माझ्या नऊ तारखेच्या पत्राचं उत्तर. "सप्रेम जयभीम. अवं, पाटील बाई हाय! कुणी कुणाला मारून न्हाई राहिलं, जोड लागून राहिली. ढोरं बघता, तुमाला कळतं का पाहू म्हणून मुद्दाम बोलले न्हाई. दिवाळीनंतर अंडी घालंल. डाक्टरला म्हनलं, आमच्या घरी बाळंतपण हाय, मला सोडा. हसले. पुढच्या सोमवारी सोडतो म्हनले. कोपऱ्यात वाळू टाकून ठेवा."

ओढ्यावरून दोन पाट्या वाळू आणली. कोपऱ्यात टाकली.